अस्मानी की सुलतानी? – आकाशातून पडणाऱ्या वस्तूंची जबाबदारी

मराठी शेतकऱ्याने आपल्यावर कोसळणाऱ्या संकटांची वाटणी फार पूर्वीच दोन गटांत करून ठेवली आहे. एक अस्मानी आणि दुसरे सुलतानी. अवर्षण, गारपीट, वीज पडणे ही अस्मानी संकटे. त्यांबद्दल कोणावर फिर्याद करता येत नाही. सारावाढ, लुटालूट, जुलूमजबरदस्ती ही सुलतानी. त्यांना कर्ता असतो आणि कर्ता असल्यामुळे निदान तत्त्वतः तरी दाद मागता येते. ही वाटणी इतकी सोयीची ठरली की शतकानुशतके तिच्यात फेरफार करण्याचे कारणच पडले नाही. परंतु ४ ऑक्टोबर १९५७ रोजी मनुष्याने पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरता ठेवला आणि या जुन्या वाटणीत एक पेच उत्पन्न झाला. येते अस्मानातून, परंतु असते मनुष्यकृत, अशा एका तिसऱ्याच प्रकारच्या संकटाची शक्यता त्या दिवसापासून निर्माण झाली.

ही शक्यता केवळ कल्पनेतली नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, रात्री आठच्या सुमारास महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या आकाशातून जळत्या गोळ्यांची एक रांग सरकत जाताना असंख्य लोकांनी पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. पाठोपाठ आसपासच्या गावांतून धातूचे पोकळ गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असा निष्कर्ष आकाशातील वस्तूंचा माग ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी काढला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु ते कडे एखाद्या घरावर पडले असते, तर त्या घरधन्याने कोणाकडे पाहावयाचे होते? नशिबाकडे, आपल्या सरकारकडे, की चीनकडे?

या प्रश्नाचे उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेले आहे, आणि ते बऱ्याच जणांना वाटते त्याहून अधिक स्पष्ट आहे. ते पाहण्यापूर्वी या वस्तू खाली का येतात, हे थोडक्यात समजून घेणे इष्ट होईल. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर या वेगाने धावत असतो. तेथे हवा अत्यंत विरळ असली, तरी अगदीच नाही असे नाही. त्या विरळ हवेच्या घर्षणाने वेग हळूहळू कमी होतो, कक्षा खालावत जाते आणि शेवटी ती वस्तू दाट वातावरणात शिरते. जमिनीपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास तिचे तुकडे होतात व बहुतेक भाग जळून जातो. परंतु टिटॅनियमसारख्या उष्णतेला दाद न देणाऱ्या धातूंच्या टाक्या, कडी आणि जाड भाग टिकून राहतात. मोठ्या यंत्राच्या वजनापैकी सुमारे पाचव्या हिश्शापासून दोन पंचमांशांपर्यंतचा भाग अशा रीतीने भूपृष्ठावर पोहोचू शकतो. तो नेमका कोठे पडेल हे आधी सांगणे मात्र फार कठीण असते. कारण वेळेच्या अंदाजात एका मिनिटाची चूक झाली, तरी पडण्याच्या जागेत साडेचारशे किलोमीटरचा फरक पडतो.

पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पाण्याखाली आहे, आणि उरलेल्या जमिनीवरही वस्ती विरळच आहे. त्यामुळे कक्षेतून परत पडलेल्या अशा तुकड्याने मनुष्याचा बळी गेल्याची निश्चित नोंद आजवर झालेली नाही. तथापि आकाशात जाणाऱ्या वस्तूंची संख्या दरवर्षी वाढत आहे, आणि जे वर जाते त्यापैकी पुष्कळसे केव्हा तरी खाली येणार आहे.

या प्रश्नाचे एक आरंभीचे उदाहरण म्हणजे एका रस्त्यावर पडलेला तुकडा. ५ सप्टेंबर १९६२ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक या गावी, भर रस्त्यात, नऊ-साडेनऊ किलो वजनाचा धातूचा एक तुकडा रुतलेला आढळला. दोन वर्षांपूर्वी सोव्हिएट संघाने सोडलेल्या एका मोठ्या उपग्रहाचा तो अवशेष होता. अमेरिकेने तो सोव्हिएट संघास परत केला. त्या वेळी या दोन राष्ट्रांमधील संशय आणि स्पर्धा शिगेला पोहोचली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या कृतीचे महत्त्व कळते. वस्तू आकाशात गेली म्हणून मालकी सुटत नाही, आणि मालकी सुटत नसेल तर जबाबदारीही सुटत नाही, हे सूत्र त्या काळात आकार घेत होते. डिसेंबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने एका घोषणेद्वारा त्याचा उच्चार केला. १९६७ च्या अवकाश करारात त्याला करारातील कलमांचे बळ मिळाले. आणि १९७२ साली केवळ याच विषयाला वाहिलेला ‘दायित्व करार’ अस्तित्वात आला. शंभराच्या आसपास राष्ट्रे आज त्याने बांधली गेली आहेत.

या कराराचा गाभा त्याच्या दुसऱ्या कलमात आहे. एखाद्या राष्ट्राने सोडलेल्या अवकाशीय वस्तूमुळे भूपृष्ठावर किंवा उडत्या विमानाला हानी पोहोचली, तर ते राष्ट्र भरपाई देण्यास निरपेक्षपणे बांधील आहे. येथे ‘निरपेक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सामान्यतः नुकसानभरपाई मागणाऱ्याला समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. येथे तशी अट नाही. अग्निबाणाची रचना निर्दोष होती, सर्व दक्षता घेतली होती, कोणाचीही चूक झाली नव्हती, असे बचाव ऐकून घेतले जात नाहीत. वस्तू तुमची आणि हानी तिच्यामुळे, एवढे सिद्ध झाले की पुरे. ‘अवकाशीय वस्तू’ या संज्ञेत तिचे सुटे भाग, तिला वर नेणारा अग्निबाण आणि त्याचेही सुटे भाग येतात. म्हणजे एखादा निखळलेला बोल्टसुद्धा या कराराच्या कक्षेबाहेर राहात नाही.

इतका कडक नियम का? त्याचे मूळ न्यायशास्त्रातील एका जुन्या विचारात आहे. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने आपल्या जमिनीत तलाव बांधला, त्याचे पाणी जमिनीखालील जुन्या भुयारांतून शेजारच्या खाणीत शिरले आणि खाण बुडाली. या प्रकरणाचा १८६८ साली अंतिम निर्णय देताना तेथील सर्वोच्च न्यायासनाने असे ठरविले की, जो स्वतःच्या प्रयोजनासाठी धोकादायक वस्तू जमा करतो, त्याने ती बाहेर पडल्यास होणारे नुकसान सोसले पाहिजे. पुढे या नियमाला काही अपवाद जोडले गेले, आणि त्यांपैकी एक होता ‘दैवी कोप’ हा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये निकाल देताना हे अपवादही नाकारले. घातक उद्योग करणाऱ्याला कोणतीही सबब सांगता येणार नाही, असे ठरविले. अवकाशाच्या कायद्याची भूमिका याच जातीची आहे. ज्याच्या अंगणात तो तुकडा पडतो, त्याने ना अग्निबाण उडविण्यास संमती दिलेली असते, ना त्याला तो चुकविण्याचा उपाय असतो. दूरच्या राष्ट्राच्या गुप्त कारखान्यातील दोष शोधण्याचे ओझे त्याच्यावर टाकणे म्हणजे न्याय नाकारणेच होय. तेव्हा हे संकट अस्मानातून आले खरे, परंतु ते अस्मानी नव्हे, असाच या कलमाचा अर्थ आहे. पीडित राष्ट्रानेच घोर हेळसांड केली किंवा बुद्धिपुरस्सर हानी ओढवून घेतली, तरच प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राला त्या प्रमाणात सूट मिळू शकते.

याच्या उलट, अवकाशातच दोन उपग्रहांची टक्कर झाली तर नियम वेगळा आहे. तेथे दोष कोणाचा, हे सिद्ध करावे लागते. कारण तेथे दोन्ही पक्षांनी जोखीम जाणूनबुजून पत्करलेली असते. जमिनीवरच्या माणसाने ती पत्करलेली नसते.

आता पैसे देणारा कोण? करार कंपनीचे नाव घेत नाही, राष्ट्राचे घेतो. ज्याने प्रक्षेपण केले, ज्याने ते करवून घेतले, ज्याच्या भूमीवरून किंवा ज्याच्या तळावरून ते झाले, अशी सर्व राष्ट्रे एकत्रित आणि पृथक् जबाबदार धरली जातात. पीडिताने त्यांपैकी कोणाही एकाकडे पूर्ण भरपाई मागावी, आपापसांतला हिशेब त्यांनी नंतर करावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका अमेरिकन खाजगी कंपनीच्या अग्निबाणाचे अवशेष पोलंडमध्ये पोझ्नान शहराजवळ पडले. अग्निबाण खाजगी होता, तरी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने त्याबद्दल उत्तर देण्याचे काम अमेरिकेच्या शासनाचे ठरते.

दावा करणाऱ्याच्या बाजूलाही राष्ट्रच असते. ज्याचे घर पडले, तो शेतकरी या कराराखाली स्वतः दावा करू शकत नाही. त्याच्या वतीने त्याच्या शासनाने राजनैतिक मार्गाने मागणी करावयाची असते. परक्या राष्ट्राच्या न्यायालयात जाण्याची वाट त्याला मोकळी आहे, परंतु ती किती जणांना परवडेल हे सांगावयास नको. मागणी करण्याची मुदत एक वर्षाची आहे. घटना घडल्यापासून किंवा जबाबदार राष्ट्र कोणते हे कळल्यापासून. वर्षभराच्या वाटाघाटींनंतरही मिटले नाही, तर तीन सदस्यांचे दावा-मंडळ नेमता येते. मात्र त्याचा निर्णय दोन्ही पक्षांनी आधी मान्य केले असेल तरच बंधनकारक. एरव्ही ती केवळ शिफारस ठरते.

हा सर्व कायदा खरोखरीच कसोटीला लागला तो कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत. सोव्हिएट संघाने १८ सप्टेंबर १९७७ रोजी ‘कॉसमॉस ९५४’ हा समुद्रावर टेहळणी करणारा उपग्रह सोडला. त्याच्या रडारला वीज पुरविण्यासाठी त्यात युरेनियमवर चालणारी एक लहान अणुभट्टी होती. उपग्रह बिघडला आणि २४ जानेवारी १९७८ रोजी कॅनडावर कोसळला. त्याचे किरणोत्सारी कण आणि तुकडे ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या परिसरापासून ईशान्येकडे शेकडो किलोमीटर विखुरले. कॅनडाने अमेरिकेच्या साहाय्याने, ‘मॉर्निंग लाइट’ या नावाने शोधमोहीम हाती घेतली. हाडे गोठविणाऱ्या थंडीत विमाने, किरणोत्सारमापक यंत्रे आणि पायी फिरणारी पथके कामाला लागली. मोहीम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालली. सापडलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ सर्व किरणोत्सारी होते, आणि काहींचा किरणोत्सार माणसाचा प्राण घेण्याइतका तीव्र होता.

मोहिमेचा खर्च सुमारे १ कोटी ४० लक्ष कॅनडियन डॉलर झाला. तथापि कॅनडाने सरसकट तेवढी रक्कम मागितली नाही. सैनिकांचे पगार यांसारखे जे खर्च एरव्हीही झालेच असते ते वगळून, केवळ या घटनेमुळे वाढलेला सुमारे ६० लक्ष डॉलरचा खर्च त्याने जानेवारी १९७९ मध्ये, वर्षाची मुदत संपण्यास एक दिवस उरला असता, मागितला. सोव्हिएट संघाशी दोन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या. अखेरीस २ एप्रिल १९८१ रोजी ३० लक्ष डॉलरवर तडजोड झाली. करारपत्रात जबाबदारी स्वीकारल्याचा उच्चार नव्हता. ‘या घटनेशी संबंधित सर्व बाबींचा निकाल’ एवढाच त्याचा आशय होता.

या प्रकरणापासून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, बलाढ्य राष्ट्रालाही अखेर पैसे मोजावे लागतात. दुसरी, कॅनडात कोणी मेले नव्हते, कोणाचे घर पडले नव्हते. तरीही भूमी स्वच्छ करण्याचा खर्च मागता आला. तिसरी, पूर्ण भरपाई आणि प्रत्यक्ष पदरात पडणारी रक्कम यांत निम्मे अंतर असू शकते. दायित्व कराराचा आधार घेऊन रीतसर मागणी केल्याचे आणि भरपाई मिळाल्याचे हे एकच ठळक उदाहरण आजवर उपलब्ध आहे.

भारतीयांना या विषयाची जाणीव झाली ती १९७९ साली. ‘स्कायलॅब’ ही सुमारे पंचाहत्तर टनांची अमेरिकन अवकाश-प्रयोगशाळा खाली येणार, अशी वार्ता पसरली आणि खेडोपाडी घबराट उडाली. ती पडली ११ जुलै १९७९ रोजी, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशात. तेथील एस्परन्स या गावच्या स्थानिक शासनाने सार्वजनिक जागेत कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अवकाश-संस्थेला चारशे डॉलर दंड ठोठावला. तो विनोदच होता. आणि तीस वर्षांनी एका अमेरिकन रेडिओ-निवेदकाने आपल्या श्रोत्यांकडून वर्गणी जमवून तो भरला. विनोद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट लक्षणीय आहे: दायित्व कराराला भारताने आपली मान्यता दिली ती याच १९७९ साली.

कायदा इतका स्पष्ट असताना अडचण कोठे येते? पहिली अडचण ओळख पटण्याची. कोंडवाड्यात आणलेल्या गुराचा धनी गावात सापडतो. अर्धवट वितळलेल्या धातूच्या तुकड्यावर बहुधा कोणाचीही खूण उरत नाही. १९७५ च्या नोंदणी कराराने राष्ट्रांनी आपापल्या वस्तूंची नोंद करावी असे ठरविले आहे, परंतु ती नोंद आणि हाती आलेला तुकडा यांची गाठ घालावी लागते ती पडण्याची वेळ, मार्ग आणि रडारच्या नोंदी ताडून. ३० डिसेंबर २०२४ रोजी केनियातील मुकुकू या खेड्यात सुमारे अडीच मीटर व्यासाचे आणि पाचशे किलो वजनाचे कडे पडले. ते कोणत्या अग्निबाणाचे, यावर तज्ज्ञांतच मतभेद झाले. धनी निश्चित नसेल तर निरपेक्ष दायित्वही निरुपयोगी ठरते.

दुसरी अडचण अशी की, प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू होत नाही. ८ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या नेपल्स शहरात एका घराचे छप्पर व मजला भेदून धातूचा एक तुकडा आत शिरला. वजन पाऊण किलोहूनही थोडे कमी. अमेरिकेच्या अवकाश-संस्थेने तपासून सांगितले की, २०२१ साली अवकाश-स्थानकातून सोडून दिलेल्या जुन्या विद्युत्‌घटांच्या साहित्याचा तो अवशेष आहे. तोच तुकडा सीमेपलीकडे पडला असता, तर दोष सिद्ध केल्यावाचून भरपाई देणे अमेरिकेला भाग पडले असते. घरच्या नागरिकाला मात्र देशांतर्गत कायद्याच्या वाटेने जावे लागले. त्या कुटुंबाने ऐंशी हजार डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली, तेव्हा त्यांच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा मांडला: परक्याला जो न्याय मिळेल, तो आपल्या माणसाला का मिळू नये?

तिसरी अडचण ‘हानी’ या शब्दाच्या व्याप्तीची. करारात प्राणहानी, शारीरिक इजा, आरोग्याची हानी व मालमत्तेचे नुकसान यांचा उल्लेख आहे. परंतु ४ नोव्हेंबर २०२२ रोजी चीनच्या एका मोठ्या अग्निबाणाचा भाग कोसळण्याच्या भीतीने स्पेनने आपल्या आकाशाचा काही भाग काही काळ बंद ठेवला आणि शेकडो विमानांना विलंब झाला. तो भाग शेवटी प्रशांत महासागरात पडला. कशालाही स्पर्श न करता त्याने घडविलेले हे आर्थिक नुकसान ‘हानी’ या व्याख्येत बसविणे कठीण आहे.

या साऱ्या विचारात भारत केवळ संभाव्य पीडित नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीन हेड येथील समुद्रकिनाऱ्यावर एक मोठे नळकांडे वाहून आले. ते भारताच्या ‘पीएसएलव्ही’ या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावे, असे ऑस्ट्रेलियाच्या अवकाश-संस्थेने जाहीर केले, आणि भारतीय अवकाश संशोधन संस्थेनेही ते आपले असल्याला दुजोरा दिला. हानी झाली नव्हती, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही. परंतु ज्या देशाने आपल्या भूमीवरून चारशेहून अधिक परदेशी उपग्रह वर नेले आणि ज्याने खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले केले, त्याला या कायद्याच्या दोन्ही बाजूंचा विचार करणे भाग आहे. खाजगी अग्निबाणाच्या अपघाताचे देणे शासनाच्या, म्हणजे पर्यायाने करदात्याच्या, माथी येते. म्हणूनच परवाना, विमा आणि शासनाला परतफेड यांची तरतूद कायद्यानेच करावी लागते. २०१७ साली अवकाश-व्यवहारांच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवण्यात आला आणि २०२३ साली अवकाश-धोरण जाहीर झाले, ती याच दिशेची पावले होत. २०३० पर्यंत आपल्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्पही भारताने सोडला आहे. भरपाई देण्यापेक्षा निकामी झालेली वस्तू ठरल्या वेळी निर्जन सागरात उतरविणे हे केव्हाही श्रेयस्कर.

शेवटी प्रश्न उरतो तो ज्याच्या शेतात असा तुकडा पडेल त्या सामान्य नागरिकाचा. त्याने तो घरी नेऊ नये. हात तर लावूच नये. अशा टाक्यांत हायड्राझीनसारख्या विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. शिवाय ती वस्तू सापडणाऱ्याची होत नाही. १९६८ च्या करारानुसार मूळ राष्ट्राने मागितल्यास ती परत करावी लागते, आणि शोधण्याचा व परत करण्याचा खर्च त्या राष्ट्राने सोसावयाचा असतो. पोलीस ठाण्याला अथवा तहसीलदाराला ताबडतोब वर्दी द्यावी. पडण्याची वेळ व दिशा टिपून ठेवावी. छायाचित्रे घ्यावीत आणि झालेल्या नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा. गावच्या चावडीवर होणारा हा पंचनामा क्षुल्लक वाटेल. परंतु दोन राष्ट्रांच्या परराष्ट्र-खात्यांमध्ये पुढे जो पत्रव्यवहार व्हावयाचा, त्याचा पाया तोच असतो. ‘अस्मानी’ म्हणून कपाळाला हात लावून बसण्याची पाळी या बाबतीत तरी कायद्याने ठेवलेली नाही. मात्र कायद्याने दिलेला हक्क बजावण्यासाठी नागरिकाने जागरूक असावे लागते, आणि त्याच्या शासनाने त्याची बाजू उचलून धरावी लागते. यांपैकी एक जरी मागे राहिला, तरी करारातील उत्तम कलमेही कागदावरच राहतात.